नव्या लॅपटॉपवर जुनी कार्यप्रणाली

नवे यंत्र घेतले की त्याच्यासोबत येणारे सॉफ्टवेअरही नवे असणार, असे आपण सहसा गृहीत धरतो. २००८ साली मात्र जगभरच्या बाजारात याच्या उलट घडले. त्या वर्षी विकल्या गेलेल्या लाखो छोट्या, कोऱ्या करकरीत लॅपटॉपवर सात वर्षांपूर्वीची विंडोज एक्सपी ही कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, बसवलेली होती. तिच्यानंतरची विंडोज व्हिस्टा दुकानात येऊन वर्ष उलटले होते. तरी ग्राहक जुनी मागत होते आणि कारखानदार जुनीच बसवत होते. ज्यांनी लिनक्स असलेला छोटा लॅपटॉप घेतला होता, त्यांच्यापैकी कित्येक जण घरी बसून स्वतःच्या हाताने त्यावर एक्सपी चढवत होते.

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. एकाच कुळातल्या यंत्रासाठी लिहिलेले सॉफ्टवेअर त्याच कुळातल्या नव्या यंत्रावर का अडखळते? अडखळते हे माहीत असूनही लोक तेच का मागत होते? आणि एखादी कार्यप्रणाली ‘जुनी झाली’ हे शेवटी ठरवते कोण? शाळेत संगणक घेताना, दुरुस्त करताना किंवा भंगारात काढताना हेच प्रश्न आपल्यापुढे येतात. त्यांची उत्तरे या छोट्या लॅपटॉपांच्या इतिहासात सापडतात. तो इतिहास आपण क्रमाने पाहू.

शाळेसाठी जन्मलेले यंत्र

या कथेची सुरुवात एका शैक्षणिक कल्पनेपासून होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे निकोलस निग्रोपाँटे यांनी जानेवारी २००५ मध्ये दावोस येथे शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. गरीब देशांतल्या प्रत्येक मुलाच्या हाती स्वतःचा लॅपटॉप द्यायचा, अशी ही योजना होती. त्यातून तयार झालेल्या लॅपटॉपचे नाव एक्सओ. त्याचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन २००७ च्या अखेरीस सुरू झाले. किंमत शंभर डॉलरवर कधीच उतरली नाही. ती दोनशेच्या आसपास राहिली.

एक्सओची रचना विचारपूर्वक केलेली होती. ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट स्मृती आणि हार्ड डिस्कऐवजी १ गिगाबाइटची फ्लॅश स्मृती. भर उन्हातही वाचता येईल असा त्याचा पडदा मेरी लू जेप्सन यांच्या मार्गदर्शनाखाली घडला. त्यावर लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली आणि मुलांसाठी खास बनवलेला शुगर नावाचा दर्शनी भाग होता. भारत सरकारने २००६ मध्येच या योजनेत सामील होण्यास नकार दिला होता. तरी २००७ साली भारतातला पहिला छोटा प्रयोग झाला तो महाराष्ट्रातच, रायगड जिल्ह्यातील एका धनगरवाड्यावरच्या लहानशा प्राथमिक शाळेत.

एक्सओमुळे एक गोष्ट उद्योगजगताच्या ध्यानात आली. सगळ्यांनाच शक्तिमान यंत्र नको असते. स्वस्त, हलके आणि पुरेसे यंत्र हवे असणारा मोठा वर्ग आहे. इंटेल कंपनीने शाळांसाठी ‘क्लासमेट’ नावाचा लॅपटॉप पुढे आणला. तैवानच्या असूस कंपनीने जून २००७ मध्ये तैपेईच्या प्रदर्शनात ‘ई पीसी’ दाखवला आणि ऑक्टोबरमध्ये तो विक्रीला ठेवला. त्याचा पडदा ७ इंची, वजन किलोपेक्षा कमी, स्मृती ५१२ मेगाबाइट आणि साठवणीसाठी ४ गिगाबाइटची फ्लॅश. हा शाळेपुरता न राहता सर्वांनीच उचलला. पाठोपाठ इतर कंपन्याही उतरल्या आणि २००८ पासून अशा लॅपटॉपना ‘नेटबुक’ म्हटले जाऊ लागले.

पहिल्या ई पीसीवरही लिनक्सच होते. कारण उघड आहे. लॅपटॉपच जेव्हा इतका स्वस्त विकायचा असतो, तेव्हा कार्यप्रणालीच्या परवान्याचा प्रत्येक डॉलर जाणवतो. शिवाय मायक्रोसॉफ्टची त्या वेळची ताजी कार्यप्रणाली या यंत्रात मावणारी नव्हती.

मावणे न मावणे

‘मावणे’ हा शब्द आम्ही अगदी शब्दशः वापरत आहोत. विंडोज एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली. तिची किमान गरज होती २३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ६४ मेगाबाइट स्मृती आणि डिस्कवर दीड गिगाबाइट जागा. विंडोज व्हिस्टा ३० जानेवारी २००७ रोजी सर्वसामान्यांसाठी आली. तिच्या सर्वांत साध्या आवृत्तीलाही ८०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ मेगाबाइट स्मृती आणि १५ गिगाबाइट मोकळी जागा लागत होती. सव्वापाच वर्षांत स्मृतीची गरज आठपट आणि जागेची गरज दहापट झाली.

ही वाढ नेहमीच्या टेबलावरच्या संगणकाला झेपत होती, कारण तोही दरवर्षी वाढत होता. नेटबुक मात्र मुद्दाम मागे वळून बनवलेले यंत्र होते. त्याची ताकद २००१-०२ च्या चांगल्या संगणकाइतकी होती. ४ गिगाबाइटच्या साठवणीत १५ गिगाबाइटची मागणी कशी पुरवणार? एक्सपी मात्र त्यात बसत होती. आणि तीही नीट जागा करून घेतली तरच.

म्हणजे दिनांकाने नवे असलेले हे यंत्र क्षमतेने जुने होते. त्याला समवयस्क कार्यप्रणाली हवी होती, आणि त्याची खरी समवयस्क एक्सपी होती. लोकांना तिची सवय होती, त्यांचे नेहमीचे प्रोग्रॅम तिच्यावर चालत होते, छपाई यंत्र जोडले की चालत होते. त्यामुळे मागणी समजण्यासारखी होती. आता अडचणींकडे वळू.

संगणक सुरू होतो तेव्हा

संगणकाचे बटन दाबल्यावर काय घडते ते थोडक्यात पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

बटन दाबताच प्रथम जागा होतो तो मुख्य पाटीवरच्या चिपमध्ये कायमचा लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम. त्याला बायोस म्हणतात. आयबीएमने १९८१ मध्ये आपला पर्सनल कॉम्प्युटर काढला तेव्हापासून ही पद्धत चालत आली. बायोस यंत्राची तपासणी करतो, डिस्क शोधतो आणि तिच्या पहिल्या भागातला मजकूर स्मृतीत आणतो. या मजकुरात कार्यप्रणालीला जागे करणारा प्रोग्रॅम असतो. तो बायोसचीच मदत घेऊन कार्यप्रणालीचा गाभा स्मृतीत आणून ठेवतो.

इथे एक महत्त्वाचा बदल होतो. गाभा चालू झाला की एक्सपीसारखी कार्यप्रणाली बायोसचा हात सोडते. यापुढे डिस्क वाचायची, पडद्यावर चित्र काढायचे, कळफलकावरची कळ ओळखायची, हे सारे ती स्वतःच्या दुभाष्यांमार्फत करते. या दुभाष्यांना ड्रायव्हर म्हणतात. प्रत्येक उपकरणाची आज्ञा घेण्याची रीत वेगळी असते, म्हणून प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा.

आता अडचण कुठे येते ते दिसेल. २००१ मध्ये लिहिलेल्या कार्यप्रणालीजवळ २००१ पर्यंतच्या उपकरणांचे दुभाषी आहेत. त्यानंतर जन्मलेल्या उपकरणाची भाषा तिला येण्याचे काही कारण नाही. बायोसचा हात धरून ती उंबरठ्यापर्यंत येते, हात सोडते, आणि ज्या डिस्कवरून ती आत्ताच उचलली गेली तीच डिस्क तिला दिसेनाशी होते.

अनेकांनी पाहिलेला तो निळा पडदा हाच. त्यावर शून्यांच्या रांगेनंतर ‘७बी’ असा अंक येई. त्याचा अर्थ इतकाच की, ज्या डिस्कवरून मला सुरू व्हायचे आहे तिच्यापर्यंत मला पोहोचता येत नाही. यंत्र बिघडलेले नसे, डिस्कही ठणठणीत असे. फक्त दुभाषी नसे.

फ्लॉपीवाचून फ्लॉपी

हा प्रसंग विशेषतः साटा नावाच्या नव्या जोडणीमुळे येई. जुन्या डिस्क ‘आयडीई’ या रुंद पट्टीच्या केबलने जोडलेल्या असत आणि एक्सपीला ती पद्धत पाठ होती. साटा जोडणी व तिचा एएचसीआय हा नियमसंच एक्सपीच्या जन्मानंतर प्रचारात आले.

एक्सपी बनवणाऱ्यांनी अशा प्रसंगाची सोय ठेवलेली होती. बसवताना अगदी सुरुवातीला पडद्याच्या तळाशी एक ओळ येई: वेगळा ड्रायव्हर द्यायचा असल्यास एफ६ ही कळ दाबा. ती दाबली की एक्सपी ड्रायव्हर मागे, आणि तो फ्लॉपीवरच मागे. २००१ मध्ये ही मागणी रास्त होती, कारण १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी प्रत्येक संगणकात होती. २००८ च्या नेटबुकमध्ये फ्लॉपीची फट नव्हतीच, पण सीडी वाचणारे यंत्रही नव्हते. आणि एक्सपी तर सीडीवर मिळत होती!

लोकांनी यातून चार वाटा काढल्या. पहिली वाट म्हणजे बाहेरून यूएसबीने जोडायचा सीडी ड्राइव्ह. दुसरी वाट म्हणजे यूएसबी पेनड्राइव्हवर एक्सपीच्या फायली ठेवून तिथूनच बसवणे. हे सरळ होत नसे. एक्सपी बसण्याची क्रिया दोन टप्प्यांत होते आणि मधे यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होते. एक्सपी अशा वेळी पेनड्राइव्हवरून सुरू होण्यासाठी बनवलेलीच नव्हती. त्यासाठी हौशी लोकांनी खास साधने लिहिली.

तिसरी वाट जुन्यासाठी आणखी जुने वापरण्याची होती. लॅपटॉप प्रथम डॉसवर सुरू करायचा, सीडीवरचा ‘आय३८६’ नावाचा फोल्डर आधी डिस्कवर आणून ठेवायचा, आणि त्यातला ‘विनएनटी’ हा प्रोग्रॅम चालवायचा. त्याआधी ‘स्मार्टड्राइव्ह’ ही डॉसची छोटी आज्ञा द्यायला विसरायचे नाही. कारण ती नसेल तर फायली एकेक करून इतक्या संथपणे हलत की तासन्‌तास जात.

चौथी वाट सर्वांत सोपी होती. अनेक लॅपटॉपच्या बायोसमध्ये एक पर्याय असे. तो बदलला की साटा डिस्क आयडीई असल्याचे सोंग घेई. मग एक्सपीला काही वेगळे दिसतच नसे. डिस्कच्या नव्या सोयी तिला वापरता येत नसत, पण काम चाले. नव्या यंत्राने जुन्याचे सोंग घेणे ही संगणकाच्या इतिहासातली फार जुनी आणि फार उपयोगी युक्ती आहे. आयबीएमच्या पहिल्या पीसीपासून आजपर्यंत हे यंत्रकुळ टिकले त्याचे श्रेय बरेचसे या युक्तीला जाते.

पहिल्या ई पीसीवर डिस्कची अडचण आली नाही, कारण त्यातली फ्लॅश आयडीई पद्धतीनेच जोडलेली होती. तिथे वेगळ्याच गमती झाल्या. असूसने एक्सपीसाठीचे ड्रायव्हर डीव्हीडीवर दिले होते, पण डीव्हीडी वाचणार कशाने? वायरलेस जोडणीचा ड्रायव्हर नसल्याने इंटरनेटवरून उतरवून घेण्याचाही मार्ग बंद. म्हणून दुसऱ्या संगणकावर सगळे पेनड्राइव्हवर घेऊन यावे लागे. शिवाय पडदा ८०० बाय ४८० बिंदूंचा होता, तर एक्सपीच्या कित्येक प्रोग्रॅमनी उंची किमान ६०० बिंदूंची धरलेली. खिडकी उघडे, पण ‘ओके’चे बटन पडद्याच्या खाली, अदृश्य प्रदेशात राही. फ्लॅश स्मृतीवर ठरावीक वेळाच लिहिता येते, म्हणून सतत डिस्कवर लिहिण्याची एक्सपीची सवयही कमी करावी लागे.

या प्रत्येक अडचणीच्या मुळाशी एक गृहीतक आहे. फ्लॉपी असणारच, सीडी असणारच, पडदा इतका उंच असणारच, डिस्कवर कितीही वेळा लिहिता येणारच. २००१ मध्ये ही गृहीतके इतकी उघड होती की कुणी ती कागदावर मांडलीही नसतील. सात वर्षांनी यंत्र बदलल्यावर ती एकेक करून उघडी पडली.

मराठी वाचायची असेल तर

मराठी वाचकाला आणखी एक पायरी चढावी लागे.

रोमन लिपीत अक्षरे एकापुढे एक मांडली की शब्द होतो. देवनागरीत तसे नाही. ‘क्षितिज’ हा शब्द घ्या. त्यात क आणि ष यांचे जोडाक्षर करायचे आहे, आणि ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर असली तरी लिहिताना आधी काढायची आहे. संगणकाच्या स्मृतीत अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवलेली असतात. पडद्यावर दाखवताना त्यांची मांडणी बदलण्याचे काम कार्यप्रणालीला करावे लागते. युनिकोड पद्धतीच्या देवनागरीसाठी हे काम विंडोज कुळात प्रथम विंडोज २००० करू लागली. विंडोज ९८ ला ते येत नव्हते. म्हणजे शाळेला युनिकोड मराठी हवी असेल, तर जुन्यातही किती जुने चालेल याला सीमा होती.

एक्सपीला हे काम येत होते, पण ती सोय आपणहून चालू नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन भाषांच्या पर्यायांत गुंतागुंतीच्या लिप्यांपुढे खूण करावी लागे. त्यानंतरच मांडणीचे साहित्य आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा फाँट यंत्रात येई. तोपर्यंत मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसत, नाहीतर फुटलेली जोडाक्षरे. आणि खूण केल्यावर एक्सपी काय मागे? सीडी! मूळ फायली डिस्कवर ठेवलेल्या नसतील, तर सीडी ड्राइव्ह नसलेल्या नेटबुकवर मराठी वाचण्याची वाट तिथेच अडे. इंग्रजी वाचणाऱ्याला ही अडचण कधी कळलीही नसेल. म्हणूनच ‘जुने चालते’ असे कोणी म्हटले, तर कोणाच्या भाषेत चालते हेही विचारून घ्यावे.

एक्सओवर एक्सपी

आता शाळेच्या लॅपटॉपकडे परत येऊ. एक्सओ पाहून काही सरकारांनी विचारले की, यावर विंडोज चालते का? मुलांनी पुढे कचेऱ्यांत जे वापरायचे तेच शाळेत शिकावे, असा त्यामागचा विचार. दुसरा पक्ष म्हणे की, हा लॅपटॉप मुलांनी उघडून, तपासून, बदलून पाहावा यासाठी आहे. त्यावरच्या प्रोग्रॅमचा मजकूरच झाकलेला असेल तर तो हेतू कसा साधेल?

तांत्रिक बाजूनेही काम कठीण होते. प्रोसेसर आणि स्मृती एक्सपीला पुरेशी होती. पण एक्सओमध्ये नेहमीचा बायोस नव्हता. त्याच्या जागी ‘ओपन फर्मवेअर’ नावाची वेगळी पद्धत होती. ज्याचा हात धरून उंबरठ्यापर्यंत यायचे तोच नाही! म्हणजे बायोससारखे उत्तर देणारी व्यवस्था आधी तयार करणे भाग होते. शिवाय १ गिगाबाइटच्या फ्लॅशमध्ये एक्सपी बसत नव्हती. म्हणून ती एसडी कार्डावर ठेवायची आणि कार्डावरूनच सुरू करायची असे ठरले. पण एक्सपी कार्डावरून सुरू होण्यासाठी कधी बनवलेलीच नव्हती, म्हणून मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांना त्यासाठीही वेगळे काम करावे लागले.

१५ मे २००८ रोजी मायक्रोसॉफ्ट आणि प्रकल्पाचे चालक यांनी मिळून एक्सओवर एक्सपी उपलब्ध होणार असल्याचे जाहीर केले. त्याच्या महिनाभर आधी, शुगरमागचे एक प्रमुख असलेले वॉल्टर बेंडर प्रकल्पातून बाहेर पडले होते. त्यांनी त्याच महिन्यात ‘शुगर लॅब्ज’ ही वेगळी संस्था काढून शुगरचे काम चालू ठेवले. पुढे पेरू आणि उरुग्वे या देशांत लाखांच्या संख्येने गेलेले एक्सओ मुख्यतः लिनक्स आणि शुगरसहच गेले.

या वादात आपल्याला, म्हणजे शिक्षकांना, धडा आहे. पेरूतल्या ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लॅपटॉप मिळालेल्या शाळांतल्या मुलांची गणित आणि भाषा यांतली प्रगती इतरांपेक्षा वेगळी आढळली नाही. कोणती कार्यप्रणाली, या प्रश्नावर मोठमोठ्या लोकांनी शक्ती खर्च केली; लॅपटॉप घेऊन वर्गात नेमके काय करायचे, हा प्रश्न मात्र बराचसा शिक्षकांवरच सोपवून दिला गेला.

मुदत कोण ठरवतो?

मायक्रोसॉफ्टने ३० जून २००८ नंतर एक्सपीची सर्वसाधारण विक्री थांबवायचे ठरवले होते. पण नेटबुकची मागणी वाढू लागली होती, त्यात व्हिस्टा मावत नव्हती, आणि एक्सपी काढून घेतली तर ती सारी जागा लिनक्सला मिळाली असती. म्हणून ३ एप्रिल २००८ रोजी कंपनीने जाहीर केले की, अत्यंत स्वस्त अशा छोट्या संगणकांसाठी एक्सपीची होम आवृत्ती पुढेही मिळत राहील. अट अशी की यंत्र छोटेच असले पाहिजे. स्मृती १ गिगाबाइटपेक्षा जास्त नको. ही सवलत शेवटी २२ ऑक्टोबर २०१० पर्यंत चालली. बरोबर वर्षभर आधी, २२ ऑक्टोबर २००९ रोजी, विंडोज ७ आली होती आणि ती नेटबुकवरही चालत होती.

इथे थांबून विचार करण्यासारखे आहे. एका दिवशी एक्सपी मोठ्या संगणकासाठी ‘जुनी’ ठरली आणि त्याच दिवशी छोट्यासाठी ‘चालू’ राहिली. तिच्यात त्या दिवशी कोणताही बदल झालेला नव्हता. वस्तू झिजून जुनी होते. सॉफ्टवेअर झिजत नाही. तिला सांभाळणारा हात काढून घेतला जातो, तेव्हा ती जुनी होते.

तो हात ८ एप्रिल २०१४ रोजी निघाला. त्या दिवसानंतर एक्सपीतल्या सुरक्षेच्या फटी बुजवणे बंद झाले. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून एक्सपीसाठीही दुरुस्ती दिली. पण तो अपवादच. म्हणून एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. आज कोणी हौसेने किंवा एखाद्या जुन्या प्रोग्रॅमसाठी एक्सपी बसवली, तर तो संगणक इंटरनेटला जोडू नये.

यंत्रांच्या बाजूनेही दार हळूहळू बंद झाले. बायोसच्या जागी यूईएफआय ही नवी पद्धत आली. २०१३ नंतरच्या काही छोट्या लॅपटॉपमध्ये जुन्या बायोसचे सोंग घेण्याची सोयच ठेवलेली नव्हती; त्यांवर एक्सपी तर नाहीच, पण विंडोज ७ सुद्धा नेहमीच्या मार्गाने बसत नसे. २०१५ च्या सुमारास यूएसबीची जुनी पद्धत प्रोसेसरच्या सोबतच्या चिपमधून गेली, आणि विंडोज ७ बसवताना कळफलक व माऊसच मुके होऊ लागले. आता जुनी कार्यप्रणाली चालवायची सुरक्षित वाट म्हणजे नव्या संगणकात संपूर्ण जुन्या संगणकाचे सोंग घेणारा प्रोग्रॅम चालवायचा आणि त्यात ती बसवायची.

आज प्रश्न उलट्या बाजूने समोर आला आहे. विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ ला सुरक्षेची विशिष्ट चिप व ठरावीक पिढीनंतरचाच प्रोसेसर लागतो. चालणाऱ्या, धडधाकट यंत्रांना नवी कार्यप्रणाली आत घेत नाही. शाळांपुढे अशा वेळी लिनक्सचा मार्ग असतो आणि तो चांगला आहे. पण तोही अमर्याद नाही. डेबियन या लिनक्स प्रकाराने ऑगस्ट २०२५ मधील १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटांच्या यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोय बंद केली. २००८ च्या बहुतेक नेटबुकना त्यामुळे आधीच्या आवृत्तीवरच थांबावे लागते. फरक इतका की, मुक्त सॉफ्टवेअरचा मजकूर सर्वांसमोर असल्याने ज्याला गरज आणि कुवत आहे त्याला ते सांभाळत राहता येते.

वर्गासाठी

शाळेसाठी संगणक घेताना किंमत आणि वेग विचारला जातोच. आम्ही सुचवू की आणखी तीन प्रश्न विचारावेत: याची कार्यप्रणाली किती सालापर्यंत सांभाळली जाणार आहे? ती मुदत संपल्यावर यावर दुसरे काही बसवता येईल का? आणि मराठी त्यावर कोणतीही जादा खटपट न करता चालते का? ही उत्तरे खरेदीच्या कागदावर लिहून घ्यावीत.

वरच्या वर्गातल्या मुलांसाठी एक आलेखही देता येईल. विंडोजच्या आवृत्त्यांना लागणारी किमान स्मृती अशी होती: २००१ मध्ये एक्सपीला ६४ मेगाबाइट, २००७ मध्ये व्हिस्टाला ५१२ मेगाबाइट, २००९ मध्ये विंडोज ७ ला आणि २०१५ मध्ये विंडोज १० ला, दोघींच्याही ३२ बिट आवृत्तीसाठी, १ गिगाबाइट, आणि २०२१ मध्ये विंडोज ११ ला ४ गिगाबाइट. ६४ पासून ४,०९६ पर्यंत म्हणजे ६४ पट, सहा वेळा दुप्पट. वीस वर्षांत सहा दुपटी, तेव्हा एका दुपटीला किती काळ लागला ते मुलांना काढू द्यावे. आलेखात २००९ ते २०१५ हा भाग सपाट दिसेल. तो सपाट का असेल, यावर त्यांचे म्हणणे ऐकावे. नेटबुकसारख्या छोट्या यंत्रांचा त्यात वाटा असावा असे मानायला जागा आहे. शेवटी त्यांना विचारावे की, या वीस वर्षांत आपण संगणकावर लिहितो त्या निबंधाची लांबी किती पट झाली?